मकर संक्रमण : आकाशाचा सण, शिवाराचा सण

(मकर संक्रमणानिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



हिंदू समाजाचे बहुतेक सण चंद्राच्या चालीने चालतात. गणेश चतुर्थी, विजयादशमी, दीपावली, होळी हे सारे तिथीने येतात आणि म्हणून इंग्रजी दिनदर्शिकेत त्यांची जागा दर वर्षी मागेपुढे होते. मकर संक्रांत मात्र सूर्याचे बोट धरून येते. तिची तारीख शाळकरी मुलालाही पाठ असते, आणि नेमका येथूनच घरोघरी प्रश्नांना आरंभ होतो. बाकीचे सण तारखा बदलतात, मग संक्रांत १४ जानेवारीलाच का? तसे असेल तर २०२४ साली ती १५ जानेवारीला कशी आली? लाडू तिळाचेच का? एरवी सणासुदीला वर्ज्य असणारा काळा रंग याच दिवशी कसा चालतो? आणि सर्वांत अवघड प्रश्न : शेजारच्या काकूंना हळदीकुंकवाला का बोलावले नाही?

गुळपोळ्यांच्या गडबडीत या प्रश्नांना बहुधा एकच उत्तर मिळते : "असेच करतात, पूर्वापार चालत आले आहे." उत्तर देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला स्वतःलाही लहानपणी हेच उत्तर मिळालेले असते. परंतु आठव्या वर्षी गप्प बसवलेला मुलगा अठराव्या वर्षी मनाशी एक निष्कर्ष काढतो, की याला उत्तरच नाही. मग संक्रांत म्हणजे एक सुट्टी आणि दुकानातून आणलेला लाडवांचा पुडा एवढेच शिल्लक राहते. सण बुडवण्यासाठी बाहेरून कोणी यावे लागत नाही. घरातले न दिलेले उत्तर त्याला पुरेसे असते.

म्हणून संक्रांतीचे मूळ शोधणे हा केवळ विद्वानांचा विषय नाही, तो कुटुंबाचा विषय आहे. हे मूळ तीन ठिकाणी सापडते : आकाशात, शिवारात आणि घराच्या उंबरठ्यावर.

आकाशातील मूळ

संक्रमण म्हणजे एका स्थानातून दुसऱ्या स्थानात जाणे. वर्षभरात सूर्य बारा राशींतून जाताना दिसतो, म्हणून संक्रांतीही बाराच. त्यांतील मकर राशीतील प्रवेशाला सणाचा मान मिळाला, कारण एके काळी हा प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास होत असे. उत्तरायण म्हणजे काय, हे कोणत्याही गच्चीवरून पाहता येते. डिसेंबरात सूर्य ज्या इमारतीच्या वा झाडाच्या मागून उगवतो ती जागा लक्षात ठेवावी. पुढे महिनाभर तेथूनच पाहिले, तर उगवतीची जागा हळूहळू उत्तरेकडे सरकताना दिसते. तीच सूर्याची उत्तरेची वाटचाल. शरपंजरी पडलेले पितामह भीष्म ज्या उत्तरायणाची वाट पाहत राहिले, ते हेच.

आता मुलांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सूर्याची ही उत्तरेकडील वाटचाल २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू झालेली असते. "आजपासून दिवस तिळातिळाने वाढतो" असे संक्रांतीला म्हणण्याचा प्रघात आहे. पण तोवर दिवस तीन आठवडे वाढत आलेला असतो. मग पूर्वजांची गणना चुकली काय? मुळीच नाही. भोवरा फिरताना त्याचा आस जसा सावकाश डोलतो, तसा पृथ्वीचा आसही डोलतो. त्याचे एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. या गतीमुळे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. यालाच अयनचलन म्हणतात. साधारण सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायणाचा आरंभ आणि मकरप्रवेश जवळजवळ एकत्र होते. तेव्हापासून ते दूर होत गेले आणि आज त्यांच्यात सुमारे २४ अंशांचे, म्हणजे साधारण २४ दिवसांचे अंतर पडले आहे.

हे कोण्या परकीय विद्वानाने भारताला शिकवले, असे समजण्याचे कारण नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त या सरकण्याची स्पष्ट नोंद केली आहे. जुन्या शास्त्रांत उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या प्रारंभी सांगितला आहे, तसे कधी काळी निश्चित असले पाहिजे. सांप्रत मात्र तो मकरेच्या आरंभापासून होतो, असे तो म्हणतो. आणि सांगितल्याहून वेगळे काही आढळले, तर प्रत्यक्ष परीक्षेने ते स्पष्ट करून घ्यावे, असेही तो सुचवतो. धनिष्ठेचा हा जुना उल्लेख वेदांग ज्योतिषात आहे. वराहमिहिराची वृत्ती येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याने पूर्वसूरींना खोटे ठरवले नाही, त्यांचा शब्द अपरिवर्तनीयही मानला नाही. त्यांच्या काळी ते बरोबर होते हे मान्य करून त्याने पुन्हा आकाशाकडे पाहिले. परंपरा जिवंत असते ती या रीतीने.

महाराष्ट्रानेही हा वसा सोडला नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’मध्ये याच अयनचलनाच्या आधारे वेदकाळाचा माग काढला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली मराठीत आला. या विषयाचा अभ्यासक आजही त्याला वळसा घालून जाऊ शकत नाही. टिळक पंचांग अयनांश वेगळे धरते, त्यामुळे कोकणातील ज्या घरांत ते पाळले जाते तेथे संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या चैत्रारंभापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. पंचांगाविषयी प्रश्न विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण असते, तर या देशात पंचांगच तयार झाले नसते.

आता तारखेचा उलगडा. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले सौरवर्ष इंग्रजी वर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. याखेरीज दर वर्षी संक्रमणाची वेळ सुमारे सहा तासांनी पुढे सरकते आणि लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी तिला पुन्हा मागे ओढतो. २०२१ साली हा क्षण १४ जानेवारीच्या सकाळी, २०२२ साली दुपारी, २०२३ साली रात्री आणि २०२४ साली मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे १५ जानेवारीला आला. २०२५ साली तो पुन्हा १४ च्या सकाळी आला. एवढे गणित सातवीतल्या मुलालाही मांडता येते, आणि एकदा मांडले की तो ते विसरत नाही.

हेच गणित मागे नेले की इतिहासातील दोन गोष्टी उजळतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, पौष वद्य सप्तमीचा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. १२ तारखेला संक्रांत कशी, असे कोणी विचारले तर उत्तर आता हाती आहे. दुसरी गोष्ट पानिपताची. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामाशी जोडण्याची सवय आहे, कारण आजची संक्रांतही १४ जानेवारीचीच. परंतु १७६१ साली सूर्याचा मकरप्रवेश १० जानेवारीच्या सुमारासच होऊन गेला होता. पानिपतावर ज्यांनी देह ठेवले त्यांचे स्मरण करण्यासाठी तारखेच्या योगायोगाची आवश्यकता नाही. त्यांचा पराक्रम त्याविनाही मोठाच आहे.

आणखी एक निरीक्षण मुलांकडून करवून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर डिसेंबर अखेरीस दिवस वाढू लागला, तरी सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराउशिरानेच होत राहतो. वाढ होते ती सायंकाळच्या बाजूने. संक्रांतीच्या सुमारास हा क्रम उलटतो आणि त्यानंतर पहाट लवकर उजाडू लागते. पंचांगातील वा वर्तमानपत्रातील सूर्योदयाचा रकाना पंधरा दिवस वहीत उतरवून घेतला की हे दिसते. तांबडे फुटण्यापूर्वी शेतावर जाणाऱ्या माणसाला हा पालट पंचांगाविनाही कळतो.

शिवारातील मूळ

आकाशातील मूळ पंचांगात आहे, तसे शिवारातील मूळ सुगडात आहे. सुगड म्हणजे सुघट. कुंभाराने घडवलेला, बहुधा काळ्या मातीचा, मुठीएवढा घट. त्यात काय भरतात ते पाहावे. हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाची कांडी, बोरे, गाजराचे तुकडे, भुईमुगाच्या वा पावट्याच्या शेंगा, आणि वर तिळगूळ. ही यादी कोणा एका ग्रंथकाराने ठरवून दिलेली नाही. पौष महिन्यात महाराष्ट्राच्या शेतात जे असते, तेच सुगडात येते. खरिपाची बाजरी, मूग आणि तीळ घरात आलेले असतात. तूर काढणीला आलेली असते. रब्बीची ज्वारी हुरड्यावर असते, हरभरा घाटे धरतो, गहू ओंबीवर येतो. उसाची तोड सुरू असते आणि गुऱ्हाळातून नवा गूळ बाहेर पडत असतो. एक हंगाम पदरात पडलेला आणि दुसरा डोळ्यांसमोर उभा, अशी वर्षातील ही दुर्मीळ घटका. सुगड म्हणजे त्या घटकेची मातीच्या भांड्यात केलेली नोंद होय.

आदल्या दिवशीची भोगी याच नोंदीचे दुसरे पान. वांगी, घेवडा, पावटा, ओले हरभरे, गाजर, ओल्या शेंगांचे दाणे, क्वचित बोरेसुद्धा; या साऱ्यांची तिळाचे कूट लावलेली लेकुरवाळी भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाच्या डाळीची खिचडी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण आजीच्या तोंडून ऐकलेली नाही असे घर विरळा. कोकणातील भोगी, देशावरील भोगी आणि विदर्भातील भोगी यांत भाज्या बदलतात, कारण शिवार बदलते. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा बाजरीचे गुण सांगणारी भाषणे पुष्कळ झाली. महाराष्ट्रातील माउलीने ते गुण शतकानुशतके भोगीच्या ताटात वाढले होते.

आता तिळाकडे. हडप्पा येथील उत्खननात तिळाचे जळालेले दाणे मिळाले आहेत; म्हणजे या भूमीचा तिळाशी संबंध चार हजार वर्षांहून कमी नाही. भाषाही तीच साक्ष देते. तिळापासून निघते ते तैल, आणि त्याचेच मराठीत तेल झाले. आज शेंगदाण्याचे तेल, करडईचे तेल, इतकेच काय खोबऱ्याचे तेल म्हणताना, प्रत्येक वेळी नकळत तिळाचेच नाव घेतले जाते. दाण्याच्या वजनाचा साधारण अर्धा भाग तेल असते. कडाक्याच्या थंडीत त्वचा कोरडी पडते, तेव्हा तिळाची स्निग्धता आणि गुळाची ऊर्जा यांची जोडी शरीराला मानवते. काळा रंग ऊन शोषून घेतो, म्हणून या एका सणाला चंद्रकळेचा मान. आणि त्या काळ्या वस्त्रावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. पौषातील षट्तिला एकादशीला स्नान, उटणे, होम, तर्पण, भोजन आणि दान अशा सहा प्रकारे तीळ वापरण्यास सांगितले आहे. पितरांच्या तर्पणात तीळ आणि बाळाच्या बोरन्हाणातही तिळाचा हलवा. घरातील आनंद आणि दुःख या दोहोंना पुरणारा दुसरा दाणा सापडणे कठीण.

पण हा दाणा घरात येतो कसा, हे किती मुलांना ठाऊक असते? तिळाची बोंडे वाळली की आपोआप उकलतात आणि दाणा मातीत सांडतो. म्हणून पीक पुरते वाळण्यापूर्वीच कापावे लागते. त्याच्या पेंढ्या बांधून उभ्या रचतात, उन्हात वाळवतात आणि मग एकेक पेंढी उलटी धरून कापडावर हळुवार झटकतात. एकदा झटकून भागत नाही. काही दिवसांनी पुन्हा झटकावी लागते. हे बव्हंशी हाताचे काम, आणि त्यातही स्त्रियांच्या हाताचे. हलक्या जमिनीत, थोड्या पाण्यावर येणारे हे पीक आज महाराष्ट्राच्या अनेक भागांत मागे पडले आहे. त्याची जागा सोयाबीनने आणि कापसाने घेतली आहे. शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. ज्यात चार पैसे सुटतात ते तो पेरणार. परंतु संक्रांतीला सारा समाज तिळाचे नाव घेतो आणि तीळ पिकवणाऱ्याचे मात्र कोणी घेत नाही, ही गोष्ट मनाला टोचली पाहिजे. सुगीच्या सणातून सुगी करणारा वजा झाला, तर मागे नुसती मिठाई उरते.

एक संक्रमण, अनेक पंगती

हाच सूर्य, हाच काळ आणि हीच कृतज्ञता भारताच्या प्रांतोप्रांती वेगवेगळ्या ताटांतून प्रकटते. तमिळनाडूत नव्या मडक्यात नव्या तांदळाचा भात दुधागुळात उतू जाईपर्यंत शिजवतात, तो पोंगल. तेथेही आदला दिवस भोगीचाच असतो आणि आंध्र-तेलंगणातही त्याचे नाव भोगीच. पोंगलचा पुढचा दिवस गाई-बैलांचा. पंजाबात १३ जानेवारीच्या रात्री लोहडीच्या अग्नीत तीळ आणि रेवड्या अर्पण करतात. आसामात माघ बिहूच्या पूर्वसंध्येला सारा गाव एकत्र जेवतो आणि पहाटे बांबू-गवताची मेजी पेटवली जाते. बंगालात नव्या तांदळाचे आणि खजुरी गुळाचे पिठे, उत्तर प्रदेशात खिचडी, गुजरातेत पतंगांनी भरलेले आकाश आणि घरात उंधियू. उंधियूतील भाज्या पाहिल्या की भोगीच्या भाजीची सख्खी बहीण भेटल्यासारखे वाटते.

सर्वांत जवळचे नाते कर्नाटकाचे. तेथे तीळ, गूळ, खोबरे आणि दाणे यांचे मिश्रण शेजारीपाजारी वाटतात. त्याला ‘एळ्ळु-बेल्ल’ म्हणतात, आणि ते देताना ‘हे खा आणि चांगले बोला’ अशा अर्थाचे वचन उच्चारतात. भाषा वेगळी, दाणा तोच आणि मागणेही तेच. सीमेवरून वाद घालणाऱ्या दोन प्रांतांतील गृहिणींनी हा करार केव्हाच करून ठेवला आहे.

याउलट मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा विचार करावा. तेथे जानेवारीत ऐन उन्हाळा, सूर्य दक्षिणायनातून परतलेला असला तरी दिवस तेथे लहान होत चाललेला. काळी साडी आणि तिळाची स्निग्धता यांचे ऋतूशी नाते तेथे तुटते. तरीही ती घरे संक्रांत करतात, आणि करावीच. मात्र तेथील मुलाला ‘थंडी असते म्हणून’ हे उत्तर पुरत नाही. त्याला महाराष्ट्राचे शिवार सांगावे लागते, आजोळची माती सांगावी लागते. दूर गेलेल्यांना मूळ सांगण्याची निकड अधिक असते. खरे तर पुण्या-मुंबईतील सदनिकेतले मूलही शिवारापासून तितकेच दूर असते.

उंबरठ्यावरील मूळ

सुगड घरात भरले जाते, पण ते घरात राहत नाही. ते दुसऱ्या घरी जाते. वाणाला ‘लुटणे’ हे क्रियापद मराठीने किती समर्पक योजले आहे! एरवी लुटणे म्हणजे हिसकावून घेणे, येथे लुटणे म्हणजे मुक्त हस्ते देणे. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, हलवा, चुरमुरे आणि उसाचे करवे आळीतली मुले वेचतात. ज्याचे बाळ त्याचाच खाऊ, असा हिशेब तेथे नसतो. वर्षभराचा अबोला तिळगुळाच्या एका वडीने मिटतो. दुसऱ्या दिवशीची किंक्रांत आणि देवीने संकरासुर व किंकरासुर यांना मारल्याची कथा हेही सांगते, की पिकाची सुखे उपभोगण्यापूर्वी कुणीतरी संकट निवारलेले असते. सुगीचे फळ एकट्याचे नसते, हा या साऱ्या आचारांचा गाभा आहे.

आणि म्हणूनच आरंभीचा तो अवघड प्रश्न टाळता येत नाही. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ होतात, आळीतील स्त्रिया नटूनथटून येतात, आणि त्याच आळीतील एक दार मात्र बंद राहते. पती गेला, एवढाच त्या घरातील स्त्रीचा अपराध. आईबरोबर वाण द्यायला निघालेली मुलगी विचारते, "यांच्याकडे का नाही?" तेव्हा "असेच असते" हे उत्तर केवळ अपुरे नाही, ते अन्यायाचे आहे.

संक्रांतीची सर्व मुळे तपासून पाहावीत. सूर्याच्या संक्रमणात या वगळण्याला आधार नाही. तो कोणाच्या अंगणात उजेड पाडायचा हे निवडत नाही. शिवारात तर मुळीच आधार नाही. कापडावर तिळाची पेंढी झटकणाऱ्या कितीतरी हातांवर बांगड्या नसतात. त्या हातांनी दाणा वेचावा आणि त्याचा तिळगूळ घेताना त्यांनीच बाहेर उभे राहावे, याला धर्म म्हणता येणार नाही. पतिनिधनानंतर तीन दशके माळव्याचा कारभार धर्माने चालवणाऱ्या अहिल्यादेवींना हा समाज पुण्यश्लोक म्हणतो. शहाजीराजांच्या मागे दहा वर्षे राजमाता म्हणून उभ्या राहिलेल्या जिजाऊंनी स्वराज्याचा राज्याभिषेक पाहिला, त्यांना हा समाज वंदन करतो. मग शेजारच्या घरातील त्याच वाटेने चालणाऱ्या स्त्रीला एक सुगड का नाकारावे?

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या गोष्टी यापुढे गावात होणार नाहीत, असे गावानेच ठरवले. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घेण्यास सुचवले. ही हाक कोणा परक्याने दिलेली नाही. ऊस आणि गूळ पिकवणाऱ्या मुलखातील एका खेड्याने दिली आहे. वराहमिहिराने आकाशाविषयी जे केले, तेच या गावाने रूढीविषयी केले. पूर्वी काय सांगितले ते ऐकले, आज डोळ्यांसमोर काय आहे ते पाहिले आणि सरकलेले बिंदू पुन्हा जागेवर आणले.

परीक्षेची हीच कसोटी पतंगाच्या दोऱ्यालाही लावावी. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरीही तो विकला जातो आणि पक्ष्यांचे पंख व वाटसरूंचे गळे चिरतो. उत्तरायणाचा आनंद सुती दोऱ्यानेही तितकाच उंच जातो.

घराने काय करावे?

हे सारे ऐकून कुटुंबाने करायचे ते फार मोठे नाही. घरातील मुलांनी गच्चीवरून सूर्योदयाची जागा पाहावी आणि वहीत तिची आकृती काढावी. सुगड भरताना प्रत्येक जिन्नस कोणत्या हंगामाचा, कोणत्या भागातला, हे आईवडिलांनी सांगावे. ठाऊक नसेल तर मंडईतील भाजीवालीला विचारावे, तिला सांगण्यात आनंदच होईल. सुगडे कुंभाराकडून घ्यावीत आणि शक्य तेथे तीळ-गूळ थेट शेतकऱ्याकडून. हुरड्याच्या निमित्ताने एखादा दिवस मुलांना शेतात न्यावे, आणि केवळ हुरडा खाऊन परतू नये, तर ज्वारीचे कणीस कसे भरते ते पाहून यावे. घरातील वृद्धांना त्यांच्या लहानपणची भोगी सांगावयास लावून ती लिहून काढावी. कोणत्या भाज्या असत, वाण काय लुटत, गूळ कोठून येत असे, हे आज लिहिले नाही तर आणखी वीस वर्षांनी सांगणारे कोणी उरणार नाही. आणि हळदीकुंकवाची यादी करताना वगळलेले एक नाव त्या यादीत घालावे, शक्य तर सर्वांत वर. प्रथम निमंत्रण द्यायला घरातील ज्येष्ठ स्त्रीने स्वतः जावे. कारण अशा बाबतीत सुनेच्या दहा शब्दांहून सासूची दोन पावले अधिक काम करतात.

पुढील संक्रांतीला घरातील मूल पुन्हा विचारील, की तीळच का, आजच का आणि यांच्याकडे का नाही. तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घरात तयार असावीत, आणि तिसरा प्रश्न विचारण्याची वेळच त्याच्यावर येऊ नये. तिळगूळ हातावर ठेवताना गोड बोलण्याचे वचन मागण्याची रीत आहे. त्या गोड बोलण्यात खरे बोलणेही सामावलेले असावे, एवढीच या संक्रमणाच्या निमित्ताने प्रार्थना.

तिळगूळ घ्या, गोड बोला.